पाळणाघरातील खेळणी : बाहेर किती, माळ्यावर किती आणि बदलायची केव्हा?

ओसरी, डोंबिवली

मी राहत्या घरी पाळणाघर चालवते. दिवसभर आठ मुले असतात. सर्वांत लहान दहा महिन्यांचे आणि सर्वांत मोठे पावणेचार वर्षांचे आहे. दुपारी शाळा सुटल्यावर पहिली-दुसरीतील आणखी दोघे येतात. दिवाणखान्याचा निम्मा भाग मुलांसाठी मोकळा आहे, पण संध्याकाळी सातनंतर तोच घरच्यांचा बसण्याचा भाग असतो, त्यामुळे जे काही मांडायचे ते रोज उचलता येईल असेच असावे लागते.

जागेच्या मानाने खेळणी फार झाली आहेत. काही माझ्या मुलांची जुनी आहेत, काही पालकांनी घर बदलताना देऊन टाकलेली आहेत आणि बरीचशी वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमधून आलेली आहेत, जी घेताना नाही म्हणता येत नाही आणि टिकतही नाहीत. ही सगळी दोन मोठ्या टोपल्यांत एकत्र असत तेव्हा रोजचा क्रम ठरलेला होता. पहिले आलेले मूल टोपली उपडी करी, सगळी मिळून त्या ढिगाची उचकापाचक करीत आणि थोड्याच वेळात ढीग तसाच टाकून सोफ्यावर चढणे, पडदे ओढणे, एकमेकांना ढकलणे सुरू होई. तुकडे विखुरलेले असल्याने कोणताही खेळ पुरता मांडता येत नसे. भातुकलीतला कुकर सापडला तर शेगडी नसे आणि चित्रकोडे सापडले तर त्याचे तुकडे दोन ठिकाणी असत.

आता खेळण्यांचे तीन भाग केले आहेत. एक भाग मुलांच्या कमरेएवढ्या उघड्या मांडणीवर असतो, दोन माळ्यावर असतात आणि दर सोमवारी अदलाबदल होते. ढीग होणे थांबले आणि मुले एकेका खेळापाशी अधिक वेळ बसू लागली, हे निश्चित. परंतु आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्या मुलांची त्या भागाशी ओळख होते न होते तोच तो माळ्यावर जातो. सोमवारी आधीच रडत येणाऱ्या लहानांना नेमके त्याच दिवशी सगळे अनोळखी दिसते. शिवाय पावसाळ्यात माळ्यावरून काढलेल्या लाकडी आणि कापडी खेळण्यांना कुबट वास येतो. ज्यांच्याकडे घरगुती पाळणाघर आहे, किंवा होते, त्यांनी बदलण्याचा वेग, कधीही न हलवायच्या वस्तू आणि साठवण यांबद्दल आपली पद्धत सविस्तर लिहावी, ही विनंती.


खडूफळा, पालघर जिल्हा

ओसरीताई, मी बालवाडीत शिकवून निवृत्त झाले आहे आणि आता नातवंडांसह शेजारची दोन मुले सांभाळते. माझे स्पष्ट मत असे आहे की सोमवार हा तुमच्या सोयीचा दिवस आहे, मुलांच्या खेळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. खेळ केव्हा बदलायचा ते खेळाकडे पाहून ठरवावे. एखादे मूल ठोकळे घेऊन रोज तीच रांग लावत असेल तर मोठ्यांना वाटते की ते कंटाळले आहे. प्रत्यक्षात ती रांग दर दिवशी थोडी लांबत असते, वळत असते, एके दिवशी तिच्यावर दुसरा थर चढतो. असे चालू असताना ठोकळे उचलणे म्हणजे दूध तापले आहे की नाही हे न पाहताच गॅस बंद करणे होय.

उलट, खेळ संपल्याची लक्षणेही ठळक असतात. वस्तू फेकली जाते, मांडणीवरून नुसती खाली ओढली जाते, तिच्यावर पाय ठेवून पुढे जातात, किंवा चार-पाच दिवस तिच्याकडे कोणीच पाहत नाही. ती वस्तू आत घ्यावी आणि तिच्या जागी एकच नवी ठेवावी. एकदम सगळी मांडणी पालटण्याची गरज मला कधी भासली नाही.

आमच्या भागात बालवाडीचे शिक्षण जुने आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला हे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले, तेव्हा माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यात परवडणारे नव्हते. त्यांनी शिंपले, बिया, पाने, गोटे, काड्या यांपासून साहित्य केले. त्यातला खेळणी बदलण्याशी थेट संबंध असलेला भाग असा की असे साहित्य ऋतूबरोबर आपोआप बदलते. उन्हाळ्यात चिंचोके आणि आंब्याच्या वाळलेल्या कोयी असतात, पावसाळ्यानंतर निरनिराळी पाने मिळतात, थंडीत सावरीचा कापूस उडायला अजून अवकाश असतो तोवर शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात. चिंचोके अर्थातच तीन वर्षांवरील मुलांसाठी आणि आपण शेजारी बसलेलो असतानाच द्यावेत.


दोन_पिलांचा_बाबा, पुणे

मी पालक आहे, पाळणाघर चालवत नाही, तरी एक माहिती देतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुले एकदा चार खेळण्यांसह आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळताना पाहिली गेली. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि त्याच खेळण्याचा अधिक निरनिराळ्या प्रकारे उपयोग केला. त्यामुळे बाहेर थोडीच ठेवण्याचा तुमचा निर्णय योग्य दिशेचा आहे.


ओसरी, डोंबिवली

धन्यवाद. हा अभ्यास मीही वाचला आहे, पण त्यात प्रत्येक मूल एकेकटे खेळत होते, ही गोष्ट पाळणाघराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. आठ मुलांपुढे चार खेळणी ठेवली तर शांतपणे खेळ रंगण्याऐवजी पंधरा मिनिटांत कोणीतरी कोणाला चावलेले असेल. दोन वर्षांखालील मुलाला वाटून घेणे जमत नाही. दुसऱ्याच्या हातातली वस्तू त्याला अधिक हवीशी वाटते आणि त्यात त्याचा काही दोषही नसतो.

म्हणून मी खेळण्यांचे नग न मोजता खेळाचे प्रकार मोजते. मांडणीवर सहा-सात प्रकार असतात : रचायचे काहीतरी, ओढायचे किंवा ढकलायचे काहीतरी, आत घालून बाहेर काढायचे, घर-घर खेळायचे, कुशीत घ्यायचे, वाजवायचे आणि पुस्तके. मात्र लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या प्रत्येक प्रकारात एकसारखे दोन किंवा तीन नग असतात. तीन सारख्या गाड्या, तीन सारखे स्टीलचे डबे, दोन सारख्या बाहुल्या. रंगसुद्धा शक्यतो एकच, कारण तीन रंगांच्या तीन गाड्या ठेवल्या की लाल गाडीवरून भांडण ठरलेलेच. पालक नवीन काही देऊ का असे विचारतात तेव्हा आमच्याकडे आहे तेच आणखी एक द्या, असे मी सांगते. पुष्कळांना ते विचित्र वाटते.

खडूफळाताई, एकेक वस्तू बदलण्याची तुमची सूचना मला पटली. पण प्रकार मोडू नये याकडेही लक्ष द्यावे लागते. ओढायच्या गाड्या आत गेल्या तर त्यांच्या जागी ओढायचेच दुसरे काही आले पाहिजे. तसे न केल्यास ज्या मुलाला त्या काळात सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून न्यायचे असते ते खुर्च्या ओढू लागते.


तराफा, नाशिक

मला या सगळ्या अदलाबदलीबद्दलच शंका आहे आणि ती मांडतो. माझी आई पंचवीसहून अधिक वर्षे घरी मुले सांभाळत असे. तिच्याकडे एक लोखंडी पेटी होती. तिच्यात लाकडी ठोकळे, ठकी म्हणजे लाकडी बाहुली, पितळेची भातुकली, जुन्या चादरी आणि दोरीचा गुंडा एवढेच होते. त्यात कधी बदल झाला नाही आणि मुले कंटाळली नाहीत, कारण त्या वस्तूंपासून रोज वेगळे काही होत असे. बदलावी लागतात ती खेळणी मुळात एकाच कामाची असतात, असे मला वाटते. बटण दाबल्यावर गाणे म्हणणारे कोंबडे चौथ्या दिवशी निरुपयोगी होणारच. ते माळ्यावर ठेवून महिन्याने काढले तर आणखी चार दिवस चालेल, एवढाच त्या युक्तीचा अर्थ.

दुसरे म्हणजे आई घरी सोडून आलेल्या मुलाला त्या घरातील एखादी वस्तू जागच्या जागी सापडणे फार गरजेचे असते. आमच्याकडे एक मुलगी रोज दारातून आत आली की आधी पेटीपाशी जाऊन ठकी काढी आणि मगच चप्पल काढी. ती ठकी नावीन्याच्या नावाखाली आठवडाभर माळ्यावर टाकली असती तर काय झाले असते, याची कल्पना करावी.


खडूफळा, पालघर जिल्हा

तराफा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. कुशीत घ्यायच्या वस्तू, ठोकळे आणि भातुकली या तीन गोष्टी मी कधीही हलवू देणार नाही. ठोकळ्यांचे कारण वेगळे आहे. रचण्याचे कौशल्य महिनोन्‌महिने साठत जाते. आधी नुसते वाहून नेणे, मग रांग आणि मनोरा, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून केलेला पूल, मग कुंपण, आणि पुढे त्या कुंपणाला गोठा म्हणणे, असा तो क्रम असतो. मध्येच ठोकळे नाहीसे झाले तर मुलाला पुन्हा मागच्या पायरीवरून यावे लागते.

पहिला मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. तुमच्या आईंकडे अंगण असणार, मुले वयाने मोठी असणार आणि बाहेर माती-पाणी असणार; खेळाचा मोठा भाग पेटीबाहेर घडत असणार. दुसऱ्या मजल्यावरील बंद घरात दहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची मुले एकाच चटईवर असतात. दहा महिन्यांचे मूल दीड वर्षाचे होईपर्यंत त्याची गरज इतक्या झपाट्याने पालटते की साहित्य बदलल्यावाचून इलाज नसतो.


तराफा, नाशिक

अंगण होते, हे कबूल. गाय पण होती.


निळा_डबा, ठाणे

येथे सुरक्षिततेबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, आणि मिश्र वयाच्या पाळणाघरात खेळणी ठेवण्याची खरी कसोटी तीच आहे. मी बालरुग्ण विभागात परिचारिका होते. आता बहिणीच्या पाळणाघरात मदत करते.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांमधील लहान भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरले जाते. कोणताही दाब न देता जो भाग त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, असे धरतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्म रोलची डबी जवळपास त्याच मापाची असते. घरात एखादी उरली असेल तर ती तपासणीसाठी जपून ठेवावी. चेंडूसाठी माप याहून मोठे, ४४.५ मिलिमीटर आहे, कारण गोल वस्तू घसा पूर्ण बंद करते. गोट्या, उसळणारे लहान रबरी चेंडू आणि सागरगोटे या हिशेबाने रांगत्या मुलांच्या खोलीत असूच नयेत. खेळणे माळ्यावरून खाली आले की मांडणीवर ठेवण्याआधी त्याची चाके, डोळे, शिवण आणि स्क्रू ओढून पाहावेत. जुने झालेले प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते आणि काल एकसंध असलेल्या खेळण्याचे आज तुकडे पडतात.

बटणाच्या आकाराच्या सेलची भीती याहून मोठी आहे. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजण्यास सुरुवात होते. वर उल्लेख झालेल्या गाणाऱ्या कोंबड्यांत बहुधा हेच सेल असतात आणि रिटर्न गिफ्टमधील स्वस्त खेळण्यांच्या झाकणाला स्क्रूसुद्धा नसतो. अशी खेळणी आलटून-पालटून ठेवण्याच्या भानगडीत न पडता थेट घराबाहेर काढावीत. सुटी होणारी लोहचुंबके असलेल्या खेळण्यांनाही हाच न्याय लावावा, कारण दोन चुंबके गिळली गेली तर आतड्याच्या दोन भिंती त्यांच्यामध्ये चिमटल्या जातात.

खरेदीबद्दल एक गोष्ट सांगते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकलाकारांची आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी या नियमातून वगळलेली आहेत. त्यामुळे कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाकडी खुळखुळ्यावर ते चिन्ह नसले म्हणून तो बनावट ठरत नाही. पण त्याचा रंग कशाचा आहे हे विक्रेत्याला विचारावे. घरातील जुन्या, तैलरंग दिलेल्या खेळण्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली, म्हणून त्याआधीची, पोपडे निघालेली खेळणी तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांना देऊ नयेत, मग ती आजोबांच्या वेळची का असेनात.


पाचवीचा_तास, कोल्हापूर

मोठ्या मुलांच्या बारीक तुकड्यांच्या खेळांचे मग काय करायचे? माझ्याकडे शाळेतून येणाऱ्या मुलांना तेच हवे असते आणि लहाने रांगत थेट तिथेच पोहोचतात.


निळा_डबा, ठाणे

बहिणीकडे मुलांना ठेवायचे घडीचे कुंपण आहे. त्यात बाळांना न ठेवता ती मोठ्या मुलांना आणि त्यांच्या बारीक तुकड्यांना बसवते. बाळे मोकळी फिरतात, मोठी आत निवांत जोडकाम करतात, आणि आपल्या खेळाला कोणी धक्का लावत नाही म्हणून तीही खूश असतात. खेळ संपला की तुकडे आतल्या आतच एका जुन्या चादरीवरून गोळा करून चेन असलेल्या पिशवीत जातात. कुंपण नसेल तर बाळे झोपलेली असतानाच तो डबा काढावा. ठिकाणाऐवजी वेळेने केलेली ही वाटणी पुष्कळ घरांत अधिक सोपी जाते.


चितारआळी, सावंतवाडी

ओसरीताईंनी पावसाळ्याबद्दल विचारले होते, आणि त्या बाबतीत कोकणातील माणसाला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. माझ्या घराजवळच लाकडी फळे, भातुकली आणि पाट रंगवणारे कारागीर आहेत, त्यामुळे लाकूड आणि रंग यांच्याशी रोजचा संबंध येतो.

लाकडी खेळणी पाण्यात बुडवून धुऊ नयेत. घट्ट पिळलेल्या साबणाच्या फडक्याने पुसून, मग साध्या ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवावीत. कडक उन्हात ठेवल्यास तडे जातात. लाखेचा मुलामा असलेल्या खेळण्यांना हातांचे सॅनिटायझर कधीही लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. खेळणे चिकट होते, रंग हाताला लागतो आणि मग लोक कारागिराला नावे ठेवतात. करोनाच्या काळात अशी पुष्कळ खेळणी खराब झालेली मी पाहिली आहेत. आमच्याकडील रंगवलेली फळे दिसायला सुंदर असतात, पण ती मांडून खेळण्यासाठी, म्हणजे भाजीवाला-भाजीवाला खेळणाऱ्या तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहेत. दात येत असलेल्या बाळाला ती देऊ नयेत, हे विकणाऱ्यांनीही सांगायला हवे.

पावसाळ्यात माळ्यावर लाकूड आणि कापड ठेवूच नये, असे मी म्हणेन. वरच्या स्लॅबची ओल तिथे सर्वांत आधी उतरते. जून ते सप्टेंबर या काळात माळ्यावर फक्त प्लास्टिक आणि स्टील जावे. लाकडी आणि कापडी खेळणी मांडणीवर वापरात राहावीत, कारण रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूला सहसा बुरशी धरत नाही. म्हणजे ऋतूप्रमाणे काय बाहेर ठेवायचे याचा अर्धा निर्णय हवामानच करून टाकते. कापडी प्राणी मुळात मोजकेच आणि तळहाताएवढे ठेवावेत, जे धुऊन एका दिवसात वाळतील. कापसाने ठासून भरलेले मोठे अस्वल आतून वाळत नाही. दाबल्यावर पाणी उडवणारी रबरी बदके भोकातून आत काळी पडतात, ती टाकून द्यावीत.

साठवणीत डांबरगोळ्या ठेवण्याची सवय अनेकांना असते. मुलांच्या वस्तूंत त्या अजिबात नकोत. त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात आणि विषारी असतात. सुकवलेला कडुलिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवावा. नव्या बुटांच्या खोक्यातील ओल शोषणाऱ्या पुड्या वापरायच्या असतील तर त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा डब्यातच ठेवाव्यात.


निळा_डबा, ठाणे

याला एक जोड देते. हात-पाय-तोंडावर पुरळ येणाऱ्या आजाराच्या साथीत, जी पावसाळ्यात पाळणाघरांतून हटकून फिरते, सॅनिटायझर तसेही फारसे उपयोगी पडत नाही. तो विषाणू अल्कोहोलला सहजी दाद देत नाही. साबणाने घासून धुणे आणि त्यानंतर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पातळ केलेले क्लोरीनचे द्रावण वापरून पुन्हा पाण्याने धुणे हाच मार्ग आहे, आणि तो फक्त प्लास्टिक व स्टीलला चालतो. म्हणून साथीच्या दिवसांत लाकडी व कापडी खेळणी दूर ठेवावीत, आणि चितारआळींनी सांगितल्याप्रमाणे माळ्यावर न ठेवता कपाटात ठेवावीत. एरवीसाठी एक झाकणाची बादली मोरीत असावी. बाळाने तोंडात घातलेले खेळणे त्याच्या हातातून सुटले की ते लगेच त्या बादलीत जाते आणि संध्याकाळी सगळी एकदम धुतली जातात. एकसारखे तीन नग असण्याचा फायदा इथेही होतो, कारण एक बादलीत गेला तरी खेळ थांबत नाही.


संत्रानगरी, नागपूर

आमच्याकडे वर्षातून एकदाच बाहेर येणाऱ्या खेळण्याची परंपराच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात. माझ्या पाळणाघरातील दोन नंदी वर्षभर फडक्यात गुंडाळलेले असतात. श्रावण लागला की खाली येतात, आधी रंग तपासला जातो, मग मुले रोज त्यांना बेगड लावतात आणि तान्ह्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत ते पुन्हा वर जातात. ते परत ठेवताना एकही मूल रडत नाही, कारण नंदी आता झोपला आणि पुढच्या पोळ्याला येईल, हे सगळ्यांना माहीत असते. तसेच दिवाळीत किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांचे होते; ते मात्र फुटतात म्हणून मोठ्या मुलांपुरतेच असतात.

यावरून मला सुचलेली पद्धत अशी की जे आत जाणार आहे ते मुलांच्या देखत आणि त्यांच्या हातून आत जावे. रात्री मुले नसताना मांडणी पालटली की सकाळी शोधाशोध होते. शुक्रवारी दुपारी खाऊनंतर मी विचारते की आज कोणाला झोपवायचे. मुले स्वतः वस्तू आणून डब्यात घालतात. ज्या वस्तूवर कोणाचे मन अडलेले असेल ती कोणी आणत नाही, आणि मला न विचारताच समजते की ती अजून हलवायची नाही.


ओसरी, डोंबिवली

ही युक्ती मी लगेच लागू करणार आहे. सोमवारची अडचण त्यात आपोआप सुटते, कारण निदान निघून काय जाणार हे मुलांना शुक्रवारीच कळलेले असेल. तीन दिवस येणाऱ्यांपैकी दोघे शुक्रवारी असतात. उरलेल्या एकीची वस्तू मी बाजूला काढून ठेवीन.


थेम्सकाठ, इंग्लंड

मी इथे घरी मुले सांभाळण्याचे नोंदणीकृत काम करते. एका वेळी आठ वर्षांखालील सहाच मुले ठेवता येतात आणि त्यांतही शाळेच्या वयाखालील सर्वसाधारणपणे तीनच, त्यामुळे तुमच्याइतकी गर्दी नसते. तपासणीला येणारे अधिकारी खेळणी किती आहेत हे विचारीत नाहीत. अमुक मुलापुढे अमुक वस्तू का ठेवली, हे ते विचारतात. म्हणून मी एका वहीत मुलाचे नाव, ते सध्या काय करण्यात गुंतले आहे आणि त्यासाठी काय बाहेर काढले, एवढ्या एका ओळीची नोंद ठेवते. ‘झाकणे उघड-बंद करतो; जुने मसाल्याचे डबे काढले’, अशी. पुढे पालकांशी बोलतानाही हीच वही कामाला येते. स्टीलचे भारतीय डबे इथल्या मुलांनाही अतिशय आवडतात, हे जाता जाता सांगते. त्यांच्या आवाजाबद्दल पालकांचे मत वेगळे आहे.


ओसरी, डोंबिवली

सगळ्यांच्या सूचना वाचून मी मांडणी पुन्हा लावली आहे. ती येथे लिहून ठेवते, म्हणजे कोणाला त्यात काही खटकल्यास सांगता येईल.

ठोकळे, दोन बाहुल्या, भातुकली आणि पुस्तकांची परडी कायम जागेवर राहतील. पुस्तकांतील निम्मी बदलतील, पण फाटेपर्यंत वाचली गेलेली दोन-तीन तशीच राहतील. बाकीच्या प्रकारांत दर शुक्रवारी मुलांच्या हातून एक किंवा दोन वस्तू आत जातील आणि कोणी काहीच आणले नाही तर काहीच बदलणार नाही. मांडणीच्या खालच्या दोन कप्प्यांत बाळांच्या हाती गेले तरी चालेल असेच साहित्य असेल. वरचा कप्पा अडीच वर्षांपुढील मुलांचा आहे, पण तिथेही फिल्मच्या डबीत मावणारे काही असणार नाही, कारण चढणारे मूल कप्प्याचे वय विचारीत नाही. मांडणी भिंतीला खिळ्यांनी पक्की केली आहे. बारीक तुकड्यांचे खेळ चेनच्या पिशव्यांत, दाराच्या मागे उंच खुंटीवर आहेत.

प्रत्येक डब्यावर आतील वस्तूचा फोटो चिकटवला आहे, तसाच फोटो मांडणीवरील तिच्या जागेवरही आहे. त्यामुळे दोन वर्षांची मुलेसुद्धा आवरताना वस्तू बरोबर जागी नेतात. बैठकीच्या दिवाणात लाकडी आणि कापडी वस्तू गेल्या आणि माळ्यावर केवळ प्लास्टिक उरले. सुट्या सापडलेल्या तुकड्यांसाठी स्वयंपाकघरात एक बरणी ठेवली आहे, जी शुक्रवारीच रिकामी केली जाते. दोन वेळा बाहेर येऊनही ज्याला कोणी हात लावला नाही ते खेळणे तपासून, पुसून, सगळे तुकडे असतील तरच जवळच्या अंगणवाडीत विचारून द्यायचे असे ठरवले आहे. अपुरी खेळणी दान म्हणून देऊ नयेत, याबद्दल माझे मत ठाम आहे.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. घरून आणलेल्या खेळण्यांचे तुम्ही काय करता? एक मुलगा रोज वेगळी महागडी गाडी घेऊन येतो, कोणाला हात लावू देत नाही आणि बाकीची मुले दिवसभर तिच्यामागे असतात.


संत्रानगरी, नागपूर

माझ्याकडे दाराशी प्रत्येक मुलाच्या नावाची कापडी पिशवी टांगलेली आहे. घरची वस्तू त्यात जाते आणि झोपताना किंवा फार रडू आले तर मिळते. चादरीचा तुकडा, उशी, मळलेला ससा असे जे झोपेसाठी लागते ते केव्हाही मिळते, त्याला हा नियम नाही. गाड्यांबद्दल पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवते.


पाचवीचा_तास, कोल्हापूर

आमच्याकडेही असेच आहे, पण आजी-आजोबा सोडायला येतात त्या दिवशी नियम चालत नाही. त्यावर कोणाकडे उपाय असल्यास कृपया लिहावा.